विद्यापीठ-कॉलेजांतल्या आयटीवाल्यांसाठी: सिस्टीम बदलते तेव्हा जुना डेटा कोणाकडे राहतो?

कलिनाकर

नमस्कार मंडळी. मी मुंबईतल्या एका कॉलेजात आयटी सांभाळतो. यंदा आमच्याकडे पुन्हा एकदा सिस्टीम बदलतेय. प्रवेश, फी, हजेरी, अंतर्गत गुण, निकाल, सगळं नव्या पोर्टलवर जाणार. बदलाला माझा विरोध नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनर, क्रेडिट, मध्येच बाहेर पडून परत येण्याची सोय हे सगळं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बसवणं शक्यच नव्हतं. पण प्रत्येक वेळी जी एक गोष्ट शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते तिच्याबद्दल मनापासून लिहायचं होतं: जुना डेटा.

डेमोच्या दिवशी कमिटीला पडद्यावर रंगीत आलेख दिसतात. मोबाइल ॲप दिसतं, फी भरली की येणारा मेसेज दिसतो. "उद्या आम्ही तुम्हाला सोडलं तर आमचा डेटा कोणत्या रूपात परत द्याल?" हे विचारायला कोणी उठत नाही. मग करार संपला की जुनी कंपनी एक डंप, म्हणजे सगळ्या डेटाची कच्ची फाइल, हातात ठेवते. त्यात तीन-चारशे तक्ते, रकान्यांची नावं एफ१, एफ२, स्टेटस_नवीन अशी. 'स्टेटस ७' म्हणजे प्रवेश रद्द की नाव राखून ठेवलेलं, हे सांगणारा माणूस कंपनी सोडून गेलेला असतो.

माझं ठाम मत असं की पोर्टल कोणाचंही असो, खासगी, सरकारी किंवा घरचं, डेटाची वाचता येण्यासारखी पूर्ण प्रत संस्थेच्या हातात कायम हवी. करार संपताना नाही, करार चालू असताना. विद्यार्थी पंचवीस वर्षांनी ट्रान्स्क्रिप्ट मागायला येतो तेव्हा तो सॉफ्टवेअर कंपनीच्या दारात जात नाही, आपल्या खिडकीवर येतो.

आता एक अगदी जवळचं उदाहरण. ज्यांच्याकडे अजून कॉलेजांतून एक्सेल शीट येतात त्यांनी हे नीट वाचा. आपला पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, सोळा अंकी. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच धरून ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य टाकतं. क्लार्कने सीएसव्हीवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक केलं, एखादा मोबाइल नंबर दुरुस्त केला आणि सेव्ह केलं, की ओळीने असलेल्या दहा विद्यार्थ्यांचा पीआरएन एकच होतो. पडद्यावर एरर येत नाही. गुण अपलोड होतात आणि सिस्टीम त्या दहांपैकी शेवटच्याचे गुण ठेवते. निकालानंतर नऊ मुलं गैरहजर दिसतात आणि त्यांचे पालक केबिनबाहेर उभे राहतात. दोष क्लार्कचा नाही. त्याला मोकळी शीट देणाऱ्या यंत्रणेचा आहे.

आम्ही आता कोणालाच मोकळी शीट देत नाही. पीआरएन आणि आसन क्रमांकाचे रकाने आधीच टेक्स्ट करून, कुलूप लावून टेम्पलेट पाठवतो. सीएसव्ही उघडायची तर डेटा मेनूतून इम्पोर्ट करायची आणि त्या रकान्याला टेक्स्ट निवडायचं. अपलोड होताना दोन तपासण्या चालतात: एकच पीआरएन दोनदा आला का, आणि सगळ्या यादीतले पीआरएन शून्यावर संपतात का. दुसरी तपासणी लिहायला पाच मिनिटं लागतात, पण तिने फार घोळ वाचवलेत. तारखांचंही तसंच. एखाद्या मशीनची सेटिंग अमेरिकन असली की ३ जुलैचा जन्म ७ मार्चचा होतो, आणि १२ तारखेनंतरचे जन्म तसेच राहिल्यामुळे अर्धी यादी बरोबर दिसते. त्यामुळे तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने मागवा.

तुमच्याकडे डेटाचं स्थलांतर कसं झालं? काय टिकलं, काय गेलं? सविस्तर लिहा, ही विनंती.

ठाणे_स्लो

पीआरएनचा मुद्दा शंभर टक्के. आमच्याकडे आकड्याच्या मध्येच 'ई' यायचा (एक्सेल मोठी संख्या आखडून दाखवतं तो) तेव्हा कळायचं, शून्याचं मात्र आजच कळलं. सोमवारी पहिलं काम तेच.

चौथी_सीट

मी आधी अशाच एका विक्रेत्याकडे निकाल प्रक्रियेच्या टीममध्ये होतो, आता एका विद्यापीठात आहे. दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणून थोडं विस्ताराने.

कलिनाकर, नुसता डेटा परत मिळून भागत नाही. निकालाचे नियम कोडमध्ये असतात. मुंबईच्या गुणपत्रिकेवर गुणांपुढे @ दिसतो तो विद्यापीठाच्या ऑर्डिनन्स, म्हणजे नियम, ५०४२-अ खाली मिळालेल्या ग्रेस गुणांसाठी, आणि # दिसतो तो २२९-अ साठी, म्हणजे एनएसएस, एनसीसी वगैरे करणाऱ्या मुलांचे गुण. आता समजा जुन्या तक्त्यात हे सगळं एकाच रकान्यात टेक्स्ट म्हणून भरलंय, '३८@२' असं. नव्या सिस्टीमचा रकाना फक्त संख्या घेतो. स्थलांतर करणारा मुलगा चेन्नईत नाहीतर नोएडात बसलेला, त्याला @ म्हणजे कचरा वाटतो. तो साफ करतो. उरतात ३८. उत्तीर्ण मुलगा अनुत्तीर्ण. नाहीतर तो दोन्ही मिळवून ४० लिहितो. निकाल बरोबर, पण ग्रेसची नोंद पुसली गेली, आणि पुढे ग्रेसच्या मर्यादेचा हिशोब करताना ते दोन गुण सापडत नाहीत.

म्हणून आम्ही आता तीन रकाने ठेवतो: मिळालेले गुण, ग्रेस गुण, ग्रेस कोणत्या ऑर्डिनन्सखाली. छापताना चिन्ह लावा, साठवताना चिन्ह नको. त्याशिवाय त्या वर्षी लागू असलेल्या नियमांचा कागद, म्हणजे परिपत्रकाची पीडीएफ आणि पासिंगची अट, त्या वर्षाच्या डेटाच्याच फोल्डरमध्ये. लेखी-अंतर्गत गुणांची ६०-४०, ७५-२५ अशी विभागणी, क्रेडिट-ग्रेड, सात पॉइंटवरून दहा पॉइंट, इतके फेरबदल झालेत की नियमाशिवाय नुसते गुण पाहून मुलगा पास होता की नापास हे सांगता येत नाही.

आणि विक्रेत्यांच्या बाजूने एक सांगतो. आमच्याकडे नियम कळायचे ते परीक्षा सुरू झाल्यावर. बैठकीत ठरलेलं लेखी यायला वेळ लागायचा, आणि तोवर फोनवर सांगितलेलं आम्ही कोडमध्ये घालायचो. तो फोन कुठल्या तक्त्यात नोंदवणार?

कलिनाकर

@चौथी_सीट, तीन रकान्यांची सूचना लगेच उचलतो. नियमाचा कागद डेटाशेजारी ठेवणं मात्र आमच्याकडे होत नाही. परीक्षा विभाग एका इमारतीत, सर्व्हर दुसऱ्या इमारतीत, परिपत्रकं तिसऱ्याच टेबलावर.

तिसरी_खिडकी

मी आयटीतली नाही, रेकॉर्ड विभागातली. निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणारे, ऐंशीच्या दशकात पदवी घेतलेले लोक आजही पडताळणीसाठी येतात. त्यांचं कॉम्प्युटरवर काहीच नाही. निकालाचं बांधीव लेजर काढायचं, पान शोधायचं, सही-शिक्का पाहायचा. संगणकातली नोंद आणि लेजर जुळलं नाही तर आम्ही लेजर खरं मानतो. नवीन मुलांना हे विचित्र वाटतं, पण लेजरवर कोणी कधी काय खोडलं ते दिसतं, शेजारी सही असते. सॉफ्टवेअरमध्येही ही सोय हवी. गुण कोणी, कधी, कोणाच्या परवानगीने बदलले आणि आधी किती होते. ही नोंद जुन्या सिस्टीममध्ये होती, नव्यात फक्त शेवटचे गुण आले. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, लॉग फार मोठा होता, घेतला नाही." तो लॉग म्हणजेच आमचा पुरावा होता.

दुसरं, २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी कुठवर आली ते कलिना, वाकोला, कुर्ल्याच्या लोकांना सांगायला नको. मी तेव्हा ज्या कॉलेजात होते तिथे रेकॉर्डची खोली आणि कॉम्प्युटरची खोली दोन्ही तळमजल्यावर. लेजरची खालची रांग भिजली. आम्ही पानं सुटी करून, मध्ये टीपकागद घालून, पंख्याखाली वाळवली. शाई पसरली, पण बरंचसं वाचता आलं. बॅकअपची टेप वरच्या मजल्यावर कपाटात कोरडी होती. ती वाचणारा ड्राइव्ह मात्र खाली पाण्यात गेला, आणि तसा ड्राइव्ह बाजारात मिळेना. टेप असून उपयोग झाला नाही.

म्हणून माझी विनंती, बॅकअप घेतला असं कोणी सांगितलं की विचारा, शेवटचा उघडून कधी पाहिला?

ठाणे_स्लो

ताई, हा प्रतिसाद छापून आमच्या सर्व्हर रूमच्या दारावर लावतोय. तीन प्रती, दोन वेगळी माध्यमं, एक प्रत जागेबाहेर, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मुंबईत 'जागेबाहेर' म्हणजे अंधेरीहून फोर्टला नव्हे, शहराबाहेर. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बसली तेव्हा दोन्हीकडची वीज एकदमच गेली होती.

अनुस्वार

मराठी नावांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण स्थलांतरात सगळ्यात जास्त रक्त तिथे आटतं.

जुन्या फाइल्स श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांत असतात. त्यात 'कि' लिहिताना वेलांटी आधी साठवलेली आणि क नंतर, कारण तो फॉन्ट फक्त दिसण्यापुरता. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक प्रमाण कोडमध्ये, क आधी, वेलांटी नंतर. कन्व्हर्टर बहुतेक वेळा हे बरोबर करतात, रफार आणि जोडाक्षरांत अडखळतात. सगळ्या नावांवर माणसाने एकदा नजर टाकणं याला पर्याय नाही.

पण युनिकोडमध्ये आल्यावरही काम संपत नाही. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ह. दोन, साधा र, हलन्त, मग न दिसणारा एक जोडचिन्हाचा कोड, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, आणि मग ह. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. डेटाबेसला मात्र ही दोन वेगळी माणसं. एका कीबोर्डने प्रवेश अर्ज भरला, दुसऱ्याने परीक्षा अर्ज, की शोधात मुलगी सापडत नाही. एनएफसी हे युनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं तर सगळं सरळ होईल असं लोक समजतात. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ त्याने एकसारखा होतो, झेडडब्ल्यूजेवाला होत नाही. तो नियम आपणच लिहावा लागतो.

तसंच ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र द्यायचे. वसईकडच्या ॲग्नेस, ॲन्थनी या नावांचे अजून दोन-दोन अवतार सापडतात, आणि इथे एनएफसी काहीच करत नाही.

उपाय सांगतो. मूळ नाव विद्यार्थ्याने लिहिलं तसंच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही, प्रमाणपत्रावर तेच छापायचं. शेजारी शोधासाठी वेगळा रकाना, त्यात हे सगळे नियम लावून एकसारखं केलेलं नाव. लोकांची नावं आपल्या सोयीसाठी बदलायचा अधिकार आपल्याला नाही.

मृणाल_विलेपार्ले

अनुस्वार यांनी लिहिलंय त्याच्याच पुढचं. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम यूजीसीने २०२१ मध्ये आणले. त्यात क्रेडिट जमा व्हायचं तर विद्यार्थ्याचं खातं डिजिलॉकरमधून उघडतं आणि तिथलं नाव आधारवरचं. आधारवर आधी स्वतःचं नाव, शेवटी आडनाव. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, वडिलांचं, शेवटी आईचं. मशीनने अक्षराला अक्षर जुळवलं की कोणीच जुळत नाही. आमच्या कॉलेजात मागे राहिलेल्या नोंदींपैकी बहुतेक याच कारणाने अडकलेल्या होत्या.

नाव एकाच रकान्यात साठवलं असेल तर तोडायचं कसं? दोन शब्दांचं आडनाव असतं, वडिलांचं नाव नसतं, लग्नानंतर नाव बदललेलं असतं. त्यामुळे नव्या सिस्टीममध्ये चार वेगळे रकाने घ्या आणि कोणता रिकामा चालतो ते ठरवा. शिवाय राज्य सरकारने १ मे २०२४ पासून कागदपत्रांवर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम लावलाय. तो १ मे २०१४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागू आहे. ती मुलं २०३२च्या आसपास आपल्याकडे येतील. आज घेतलेली सिस्टीम तेव्हा चालू असण्याची बरीच शक्यता आहे, तेव्हा छपाईचा क्रम कोडमध्ये कोरून ठेवू नका.

दादर_टीटी

मला हा सगळा खटाटोप अनावश्यक वाटतो. केंद्राचं 'समर्थ' हे विद्यापीठांसाठीचं पोर्टल आहे, डिजिलॉकर आहे. सगळी विद्यापीठं एका व्यासपीठावर गेली तर विक्रेता बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक कॉलेजने आपापलं गाडं ओढायचं कशाला?

कलिनाकर

दादर_टीटी, एका व्यासपीठाचे फायदे मला मान्य आहेत. लहान कॉलेजात एकच लॅब असिस्टंट नेटवर्कही पाहतो आणि प्रोजेक्टरही, त्याच्या डोक्यावरचं ओझं खरंच उतरेल. पण व्यासपीठ सरकारी असलं म्हणून बदलत नाही असं नाही. पदव्या-गुणपत्रिका डिजिटल रूपात ठेवणारी नॅशनल अकॅडेमिक डिपॉझिटरी २०१७ साली सुरू झाली तेव्हा ती दोन डिपॉझिटरी कंपन्यांकडे होती, पुढे सगळी डिजिलॉकरवर आली. गुगलचंही तसंच. शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा म्हणून कितीतरी कॉलेजांनी लेक्चरची रेकॉर्डिंग तिथे टाकली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की सगळ्या संस्थेला मिळून १०० टीबी, आणि जुलै २०२२ पासून ते लागूही झालं. देणारा चांगला असला तरी त्याचे नियम त्याच्या हातात असतात. आपली प्रत आपल्याकडे असावी एवढंच म्हणतोय. समर्थवर जा, जरूर जा, आणि तिथूनही दर सत्राला एक्सपोर्ट घ्या.

उलट एक सांगतो. आमच्याकडे १९९०च्या दशकातल्या, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या डीबीएफ फाइल्स आहेत. लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आज उघडतात, रकान्यांच्या नावांसकट, कारण ते स्वरूप साधं आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी विकत घेतलेल्या सिस्टीमचा डंप मात्र तिच्या परवान्याशिवाय उघडत नाही.

अनुस्वार

डीबीएफला जोरदार अनुमोदन. फक्त आतला मजकूर जुन्या फॉन्टात असेल, तेवढं बघा.

मृणाल_विलेपार्ले

अजून एक बाजू राहिली. प्रत आपल्याकडे ठेवली की जबाबदारीही आपली. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७च्या सुमारास लागू होतात. सुरक्षेची काळजी न घेतल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. कायद्याने अठराखालची व्यक्ती बालक. आपल्या बहुतेक डिग्री कॉलेजांना ज्युनिअर कॉलेज जोडलेलं आहे, तिथली अकरावी-बारावीची जवळजवळ सगळी मुलं यात येतात, एफवायचीही काही.

आणि आपण काय करतो? शिष्यवृत्तीच्या मुलांची यादी जातीच्या रकान्यासकट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. आधारची झेरॉक्स, बँकेच्या पासबुकाचं पान, जातीचा दाखला हे सगळं एकाच फोल्डरमध्ये, लिंक असलेल्या कोणालाही उघडता येईल असं. त्या यादीत ज्या मुलीचं नाव असतं तिला काय वाटत असेल याचा विचार आयटीवाल्यांनी केला नाही तर कोणी करायचा? स्थलांतर ही खरं तर फेकण्याची संधी आहे. प्रवेश न घेतलेल्या अर्जदारांचे दाखले दहा वर्षं का ठेवायचे? गुण आणि पदवी कायम ठेवा, पासबुकाचं पान नको.

शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२चे निर्देश आहेत. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे, सर्व्हरची घड्याळं ठरलेल्या स्रोताशी जुळवायची. रविवारी रात्री काही झालं तर आपल्याकडे सहा तासांत कोण कोणाला फोन करणार, हे कागदावर आहे का?

दादर_टीटी

व्हॉट्सॲपच्या यादीचा मुद्दा लागला. आमच्याकडे ते आजच बंद करायला लावतो. एक्सपोर्ट स्वतःकडे ठेवण्याबद्दलही आता पटतंय, पण ते करारात लिहायचं कसं? आमच्या खरेदी विभागाला तयार मजकूर दिला तरच तो निविदेत जातो.

चौथी_सीट

मजकूर देऊच, पण त्याआधी एक कळकळीचं. जुनी आणि नवी सिस्टीम निदान एक सत्र बरोबरीने चालवा. २०१७ साली मुंबई विद्यापीठात ऑनस्क्रीन मूल्यांकन, म्हणजे स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासणं, सगळ्या शाखांना एकदमच लावलं गेलं, निकाल कित्येक महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. तंत्र वाईट नव्हतं, आज ते सर्रास वापरतात. आधी एका लहान शाखेत चालवून पाहायला हवं होतं.

कलिनाकर

दादर_टीटी, आमच्या निविदेत आम्ही घातलेला मजकूर असा आहे, हवा तसा बदलून वापरा:

"करार चालू असताना दर सहा महिन्यांनी आणि करार संपताना पुरवठादाराने संस्थेचा संपूर्ण डेटा वेगळे शुल्क न घेता द्यावा. त्यात सर्व तक्ते यूटीएफ-८ (युनिकोड) सीएसव्ही स्वरूपात, प्रत्येक रकान्याचे वर्णन, सर्व सांकेतिक क्रमांकांचे अर्थ, अपलोड केलेल्या फाइल्स आणि गुणांतील फेरफारांची संपूर्ण नोंद यांचा समावेश असावा."

फेरफारांची नोंद हे शब्द तिसरी_खिडकी ताईंचा प्रतिसाद वाचून आज घातले.

चौथी_सीट

तीन भर घाला. अपलोड केलेल्या फाइल्सच्या नावात पीआरएन असावा, नाहीतर हजारो फोटो मिळतात आणि कोणता कोणाचा ते कळत नाही. दुसरं, शेवटचा हप्ता डेटा मिळाल्यावर नव्हे, तर संस्थेच्या माणसाने तो कोऱ्या मशीनवर उघडून, वेगवेगळ्या वर्षांतल्या शंभर गुणपत्रिका लेजरशी जुळवून सही केल्यावरच द्यायचा. त्या शंभरांत ग्रेसवाले, एटीकेटीवाले आणि नाव बदललेले मुद्दाम घ्या. तिसरं, त्यानंतर नव्वद दिवसांत पुरवठादाराने स्वतःकडच्या सगळ्या प्रती, बॅकअपसकट, पुसून तसं लेखी द्यायचं.

तिसरी_खिडकी

शंभर गुणपत्रिका निवडायला आमच्या विभागातलं कोणीतरी घ्या. कोणत्या वर्षी घोळ झाले होते ते आम्हाला पाठ आहे.